मानाचं झाड

बिरोबावस्ती, कवठे येमाई,
ता. शिरूर, जि. पुणे
रविवार, ५ मे २०२४

चि. ईश्वर,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात अडखळला. तरी मी थोरला आहे, तेव्हा तुला, शितलला आणि लेकरांना आशीर्वाद. नको असला तर कडेला ठेवून दे, पण पत्र वाच.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या रेघा येतात, म्हणजे वाचतोस, पण पुढं गप्प. परवा प्रगती म्हणाली, "पप्पा, काकांना कागदावर लिवा. कागूद कट करता येत न्हाई." पोरगी शहाणी निघाली, माझ्यावर गेली नाही. तिच्याच वहीची पानं फाडून बसलोय. आज दुसरी पाळी आहे. पावणेदोनला रांजणगावची बस फाट्यावर येते, तोवर होईल तेवढं लिहितो.

इकडं सगळं बरं आहे. कांदा चाळीत पडलाय. विहिरीनं तळ गाठलाय, पण पिण्यापुरतं निघतं. आईचे गुडघे होते तसेच आहेत. सकाळी ओट्यावर बसते आणि फाट्यावर थांबणाऱ्या प्रत्येक एसटीकडं बघते. इथून एसटी दिसते, उतरलेलं माणूस ओळखू येत नाही, तरी बघते. तुझं नाव काढत नाही. सुषमाची शिलाई बरी चालली आहे. प्रगती रोज शिरूरला अभ्यासिकेत जाते, बँकेची परीक्षा द्यायची म्हणते. कंपनीत मी लाईन लीडर झालो. पदाचं नाव मोठं, काम तेच, वर चार शिव्या जास्त.

आणि बिरोबाचं झाड मी अजून आहेच. आबांच्या अंगात देव यायचा तेव्हा लोक आबांना झाड म्हणायचे, आता मला म्हणतात. अकरा वर्षं झाली. केसाला कात्री लागलेली नाही, कमरेपर्यंत आलेत. कंपनीत अंबाडा घालून वर हेल्मेट चढवतो. सेफ्टीचा साहेब आधी फार ओरडायचा. नंतर त्यानंच एक दिवस मशिनच्या आडोशाला घेऊन विचारलं, "बाबा, माझी बदली होईल का?" मी म्हणालो, होईल. झाली. तेव्हापासून माझ्या केसांबद्दल कंपनीत कुणी चकार शब्द काढत नाही. गोरखपूरचा एक ऑपरेटर आहे, तो रोज पाळीच्या सुरुवातीला माझ्या पाया पडतो. "बाबाजी, छठ में छुट्टी मिलेगी कि नहीं, देवता से पूछ के बताइए." अरे, सुट्टी देवता देत नाही, एचआर देतं.

हसू आलं ना? मलाही यायचं. हल्ली येत नाही.

प्रगतीनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. भाकरी थापता थापता सुषमासुद्धा पाठ करते. मार्चमध्ये मी जेवायला बसलो होतो आणि समोर चिठ्ठी होती, रिनाउन्स. खाली मराठीत लिहिलं होतं, त्यागणे. मी सहज म्हणालो, "म्हंजी क्विटच की. आमच्या कंपनीत पोरं करतात रोज."

"न्हाई पप्पा," ती म्हणाली. "क्विट कुणीबी करतं. तंबाखू सोडली, नोकरी सोडली, क्विट. रिनाउन्स लई वरचा शब्द हाय. जे आपल्या हक्काचं हाय, ते आपण चारचौघांत, आपल्या तोंडानं, नको म्हणायचं. राजाच्या पोरानं गादीवरचा हक्क रिनाउन्स केला, असं वाक्य करायचं. गुपचूप केलं तर त्येला रिनाउन्स म्हणत न्हाईत."

मी विचारलं, "आन् हक्क आपला नसलाच तर?"

"मग वाक्यच बसत न्हाई. चोर चोरीचा माल रिनाउन्स करतो का? तो ज्याचा त्याला परत देतो." एवढं बोलून ती पुढच्या चिठ्ठीकडं वळली.

मला ठसका लागला. आईनं पाण्याचा तांब्या सरकवला. मला म्हणाली, सावकाश खा, पळून जातंय का.

ईश्वर, तुला वाटत असेल दादा हे काय भरकटत लिहितोय. सरळ लिहायचं धाडस होत नाही, म्हणून वळणं घेतोय. त्याच्या आधी म्हाळूचं सांगतो, म्हणजे तो शब्द मला का बोचला ते कळेल.

ओढ्यापलीकडचा म्हाळू तुला आठवत असेल, बापूचा नातू, आपल्यासोबत मेंढरं राखायला यायचा. त्याला साखर आहे. फेब्रुवारीत त्याच्या पायाला काटा लागला आणि जखम चिघळली. त्याची बायको रंगुबाई माझ्याकडं आली, असाच दुसऱ्या पाळीचा दिवस होता. मी बूट घालत होतो. फाट्यावर बस दिसत होती. ती म्हणाली, "शिरूरला दवाखान्यात न्यू का? द्येवाला इच्यारा." मला घाई होती. सांगितल्याशिवाय ती दारातून हलत नव्हती. मी म्हणालो, "आमुशा टळू दे, मग न्या." आणि बसकडं पळालो.

का म्हणालो? काही कारण नाही. तोंडात आलं ते बोललो. पोराला गप्प करायला आपण म्हणतो ना, उद्या देतो, तसं.

अमावास्येला नऊ दिवस होते. त्यांनी नऊ दिवस वाट पाहिली. दहाव्या दिवशी नेलं तेव्हा पाय काळा पडला होता. गुडघ्याखाली काढावा लागला.

खरं ऐकायचं असेल तर त्यापुढचं ऐक. पंधरा दिवसांनी म्हाळू कुबड्या घेऊन माझ्या ओट्यावर आला. मला वाटलं, आता माझ्या तोंडात मारेल. मी मारून घ्यायला तयार होतो. रंगुबाईनं नारळ पुढं ठेवला, म्हाळूनं वाकून माझ्या पायाला हात लावला, एका पायावर तोल सांभाळत. म्हणाला, "द्येवानं जीव राखला. पाय गेला तर गेला." त्यानं पाया पडलेलं मी घेतलं. "चांगभलं" म्हणालो. कपाळाला भंडारा लावला. सुषमा दाराआडून बघत होती. ते गेल्यावर तिनं नारळ उचलला आणि उकिरड्यावर फेकून दिला.  

त्याच आठवड्यात ती चिठ्ठी भिंतीवर आली. मी ठरवलं की हा मान सोडायचा. चारचौघांत, माझ्या तोंडानं.

मध्येच उठावं लागलं. तळेगाव ढमढेऱ्याहून नवरा-बायको आले होते, सोबत त्याची म्हातारी. बाईच्या मांडीवर सहा-सात वर्षांची पोर, डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरनं आजच भरती करायला सांगितलंय. पण म्हातारी म्हणाली, आधी झाडाला विचारू. पस्तीस-चाळीस किलोमीटर उलट्या दिशेला आणली ती पोर, उन्हात, मोटरसायकलवर तिघांच्या मध्ये बसवून. मी ओरडलो, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!" बाप हात जोडून म्हणाला, "हे तुमी सांगताय, का द्येव सांगतोय?"

काय सांगू मी? मी सांगतो म्हटलं असतं तर ते देवाची वाट बघत ओट्यावर बसले असते. मी डोळे मिटले, अंगाला झटका दिला, आबांचा आवाज काढला आणि म्हणालो, "बिरोबा सांगतोय. पाणी पिऊ नका, वाट बघू नका, निघा." धुरळा उडवत गेले. पोर वाचेल बहुतेक. पण ईश्वर, बघ, खरं बोलायचं म्हटलं तरी मला सोंगच करावं लागतं. या ओट्यावर माझ्या स्वतःच्या आवाजाला किंमत नाही.

तर जत्रेचं सांगतो.

चैत्रातली आपली जत्रा, दुपारची होईक. पाऊस कुठल्या नक्षत्राला, ज्वारी कशी, जित्राबाला काय रोग, सगळं वर्ष देव झाडाच्या तोंडून सांगतो ती वेळ. दरवर्षी मी आठवडाभर मोबाईलवर हवामानाचे अंदाज वाचून जातो, हेही आता लपवत नाही. यंदा काही वाचलं नाही. ढोल थांबले. मी घोंगडीवर उभा राहिलो, मुठीत भंडारा. समोर सगळी भावकी, कवठ्याची, मलठणची, पार पारनेरकडची माणसं. मी मोठ्यानं म्हणालो, "ऐका. माझ्या अंगात देव येत न्हाई. कवाच आला न्हाई. अकरा वर्सं मी सोंग केलं. आजपासून ह्यो मान मी सोडला."

 मला वाटलं, सुटलो.

मग पंचांमधला सगळ्यात थोरला, हौसरावमामा उठला. आता नव्वदीला टेकलाय, पण आवाज तोच. दोन्ही हात वर करून ओरडला, "द्येव रुसला रं! द्येव झाड सोडून निघाला, अडवा त्येला!" आणि मग काय, सातही ढोल एकदम सुरू. बाया रडत माझ्या पायांवर पडल्या. पुरुषांनी मला खांद्यावर घेतलं. हळद नाकातोंडात गेली. मी ओरडत होतो की खरं सांगतोय, मी जालिंदर बोलतोय, आणि जितकं ओरडत होतो तितकं "चांगभलं" वाढत होतं. देवळाला तीन फेऱ्या मारून मला परत त्याच घोंगडीवर आणून बसवलं.

चूक माझीच. त्या घोंगडीवर उभं राहून, मुठीत भंडारा धरून काहीही बोललं तरी ते देवाचंच बोलणं होतं, हे मला कळायला हवं होतं. मी बोलायला जागाच चुकीची निवडली. गाठ सोडवायला गेलो आणि दोरीच अंगाभोवती गुंडाळून घेतली.

दुसऱ्या दिवशी पँट-शर्ट घालून मी पारावर गेलो. हौसरावमामा आणि चार पंच बसले होते. साध्या आवाजात सांगितलं, मामा, काल मी शुद्धीवर होतो, जे बोललो ते मीच बोललो. मामा हसला. म्हणाला, "द्येव काय बोलला ते झाडाला ठावं नसतं. तुला आठवतंय म्हंजी तुला कुणीतरी सांगितलंय. गप ऱ्हा." मी म्हणालो, मला हा मान नकोय. तर म्हणाला, "माणसानं सोडून सुटत न्हाई रं. द्येव सोडंल तवाच सुटतं."

त्या दिवसापासून ओट्यावरची गर्दी दुप्पट झाली. झाडानं स्वतःलाच खोटं म्हणावं, केवढं सत्त्व! शिक्रापूरहून चारचाकीतून माणसं येतात आता. कौलासाठी रविवार पुरत नाही म्हणून गुरुवारीही येतात. कंपनीची गुरुवारची माझी आठवड्याची सुट्टी गेली.

तेव्हा मला प्रगतीचं बोलणं पुन्हा आठवलं. माझं सोडणं लागू का पडलं नाही? कारण जे सोडलं ते माझं नव्हतंच.

इथवर आलोय, आता एक वाजत आला, आणखी फाटे फोडत बसलो तर बस येईल आणि हे राहून जाईल.

मी सगळ्यांना एक सांगतो, सुषमालाही तेच सांगितलंय. आबा गेल्यावर पहिल्या जत्रेत मान मी घेतला, तो ईश्वरसाठी. त्याच्या अंगात देव आला असता तर त्याला वस्ती सोडता आली नसती, रेल्वेची नोकरी गेली असती. थोरल्यानं स्वतःच्या गळ्यात घालून घेतलं आणि धाकट्याला मोकळं केलं. असं सांगितलं की लोक माना डोलावतात. मलाही सांगून सांगून खरं वाटायला लागलं होतं.

पण तारखा जुळत नाहीत. जत्रा एप्रिलमध्ये झाली. तुझं रेल्वेचं पत्र जूनमध्ये आलं. जत्रेच्या दिवशी रेल्वेचा र सुद्धा आपल्या घरात कुणी काढला नव्हता.

खरं हे आहे. तू बारा वर्षांचा असताना भर जत्रेत तुझं अंग कापायला लागलं आणि आबांनी सगळ्यांसमोर तुला भंडारा लावला. तेव्हापासून मी घरात असून नसल्यासारखा होतो. दरवर्षी तू थरथरायचास आणि आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याकडं बघून आबांच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. मी आयटीआय केलं, कंपनीत लागलो, घरात पहिला पगार आणला. आबा म्हणाले, "बरं झालं." एवढंच. लोक म्हणायचे, थोरला कामाला, धाकटा देवाला. मला काम नको होतं असं नाही. पण देवाला मी चालत नाही, हे दरवर्षी सगळ्या गावासमोर सिद्ध व्हायचं.

आबा गेले आणि पुढच्या चैत्रात आपल्या दोघांना अंघोळ घालून आबांच्या घोंगडीवर बसवलं. सात ढोल. जो आधी उठेल त्याचा मान. तुझे डोळे मिटलेले होते. माझे नव्हते. मी पापण्यांच्या फटीतून बघत होतो. तुझे खांदे हलायला लागले. हौसरावमामा भंडाऱ्याची परात घेऊन तुझ्याकडं वाकला. ते मी बघितलं आणि उडी मारून उठलो. घुमलो. आबा घुमायचे तसाच घुमलो, लहानपणापासून चोरून सराव केला होता मी, मेंढरांपुढं. मामानं परात माझ्याकडं फिरवली. तेवढ्यात तूही उठलास आणि मामा तुझ्यावर खेकसला, "ए, खाली बस! थोरल्याच्या अंगात द्येव आल्यावर सोंग करतो व्हय?" माणसं हसली. म्हणाली, मग इतकी वर्षं हा धाकटा नाटकच करत होता की काय.

हे सगळं मला ऐकू येत होतं. एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं. मी घुमत राहिलो.

तू खाली बसलास. मान वर केली नाहीस. दोन महिन्यांनी दौंडला गेलास तो आजतागायत जत्रेला आला नाहीस. खऱ्याला खोटा ठरवलं मी, आणि खोट्याच्या पाया अकरा वर्षं लोक पडतायत. म्हाळूचा पाय गेला तो तुझ्या जागेवर मी बसलो म्हणून गेला. तू असतास तर देवानं खरं काय ते सांगितलं असतं.

ईश्वर, मी माफी मागत नाही, ती फार स्वस्त होईल. मला सोडवू शकेल असा जगात एकच माणूस आहे. त्या घोंगडीवर माझ्या शेजारी बसलेला. तू ये, देवळात नको, भंडारा नको, साध्या कपड्यांत पारावर उभा राहा आणि सांग की त्या दिवशी देव तुझ्या अंगात आला होता, दादाच्या नाही. तुझं म्हणणं खोडायला हौसरावमामाकडं काही नाही. मान ज्याचा त्याच्याकडं जाईल. पुढं तो ठेवायचा की नाही हे तू ठरव, तुझ्या हक्काचं आहे, तू सोडलास तर ते लागू पडेल.

नाही आलास तरी समजून घेईन. पण मग रविवार येतच राहतील, आणि एक दिवस पुन्हा मला घाई असेल.

बस दिसायला लागली. बूट सापडत नाहीयेत. पत्र प्रगतीजवळ देतो, ती उद्या शिरूरला टाकेल.

तुझ्या जागेवर बसलेला,
दादा म्हणवून घेण्याची लाज वाटणारा,
जालिंदर


रेल्वे क्वार्टर्स, दौंड
गुरुवार, ९ मे २०२४

दादा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. झाडाच्या नव्हे, तुझ्या.

पत्र बुधवारी मिळालं. ड्युटीवर खिशात घेऊन गेलो. माझं काम तुला माहीत नसेल, रोज हातोडा घेऊन आठ किलोमीटर रुळावरून चालायचं आणि रूळ पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या निसटल्या असतील तर ठोकून बसवायच्या. काल किती चाव्या ठोकल्या सांगता येणार नाही. संध्याकाळी परत अर्धा रस्ता चालून बघून आलो, भीती वाटली म्हणून.

शितलला वाचून दाखवलं. ती रडली. मला रडू आलं नाही, मला घाम फुटला. तिलाही जे अकरा वर्षं सांगितलं नव्हतं ते काल सांगितलं, आता तुला लिहितो.

बारा वर्षांचा असताना त्या जत्रेत मला हिवताप होता. सकाळपासून अंग मोडून आलं होतं, पण आईला सांगितलं तर जत्रा बघायला मिळणार नाही म्हणून गप्प होतो. ढोल वाजत होते आणि मी थंडीनं कापत होतो. आबांनी बघितलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी मला भंडारा लावला. हौसरावमामा माझ्या पाया पडला, दादा. म्हातारा माणूस, बारा वर्षांच्या पोराच्या. मी कसं सांगणार होतो की मला ताप आहे? पुढच्या वर्षी ताप नव्हता. पण सगळे माझ्याकडं बघत होते. आबा बघत होते. मी कापलो. मग दरवर्षी कापलो. तुझा मेंढरांपुढचा सराव होता, माझा भरल्या जत्रेत चालायचा, एवढाच फरक.

त्या दिवशी घोंगडीवर बसताना माझ्या मनात एकच होतं. आता जन्मभर. आबा गेले, आता मागं वळायची वाट नाही. तरी खांदे हलवायला सुरुवात केली. आणि तू उडी मारलीस. मला खरं वाटलं, दादा. मला वाटलं, देव खरंच आहे आणि त्यानं खऱ्याला उचललं. तरी मी उठलो, कारण सवय. मामा म्हणाला सोंग करतो व्हय. गावाला वाटलं मी अपमानानं मान खाली घातली. दादा, मी हसू दाबत होतो. सुटकेचं हसू. मामा आयुष्यात एकदाच खरं बोलला, आणि तेही नकळत.

तुझं सोंग आहे हे मला पुढच्याच वर्षी कळलं. लांब उभा राहून तुझी होईक ऐकायला आलो होतो, कुणाला न सांगता. तू हवामान खात्याचे शब्द वापरत होतास. बिरोबा कमी दाबाचा पट्टा म्हणत नाही, दादा. त्याच दिवशी मला कळलं की माझ्या जागी तू अडकलास. तेव्हा तुझ्याकडं यायला हवं होतं. आलो नाही. फोन उचलत नव्हतो तो रागानं नाही. मला भीती होती की एक दिवस तू म्हणशील, हे तुझं आहे, परत घे. तेच तू लिहिलंस.

परत घ्यायला इथं कुणी नाही. माझं असतं तर घेतलं असतं. तू मला खरा म्हणून पारावर उभं करायला निघालास, मी तसा उभा राहिलो तर तू मोकळा होशील, आणि पुढच्या रविवारी तळेगावची ती माणसं माझ्या दारात असतील. मी एकदा विचार केला की हेच करावं, अकरा वर्षं तू भोगलंस, आता मी. शितल म्हणाली, "आन् एखाद्याचा पाय जायला लागला म्हंजी?" मग तोही विचार सोडला.

आबांचं काय होतं, ते मला माहीत नाही. आईला विचारू नकोस. मीही विचारणार नाही.

आमच्याकडचं मतदान झालं. तुमच्याकडं सोमवारी आहे, सगळी भावकी शाळेपाशी असेल, हौसरावमामाला खुर्चीवर बसवून आणतीलच. मी सकाळच्या एसटीनं शिरूरमार्गे येतो, फाट्यावर उतरतो. दोघं शेजारी उभे राहू. आधी म्हाळूला सांगू, बाकीच्यांना नंतर. तो काय करेल ते करू दे. शितल म्हणते, लोक म्हणतील की आता दोघा भावांच्या अंगात एकदम आलं. म्हणतील, दादा. ढोल आणायला माणूसही पाठवतील. मग आपण पुन्हा सांगू. ते दमेपर्यंत सांगू, नाहीतर आपण दमेपर्यंत. तू एकटा होतास म्हणून खांद्यावर उचलता आलं त्यांना.

सोमवारी आईला ओट्यावरून उठू देऊ नकोस.

तुझ्या जिवावर अकरा वर्षं मोकळा हिंडलेला,
तुझा धाकटा
ईश्वर